लालीचा पिंजरा

सोनीबाईनं लिपलेल्या कणगीत उंदीर कधी शिरला नाही, पावसाचा थेंब शिरला नाही, आणि सोनीबाईला विचारल्याशिवाय तिच्या सख्ख्या बापाचाही हात शिरला नाही. बाप म्हणजे भावसिंग. पैनगंगेच्या अलीकडे, केळापूर तालुक्यात आमचा तांडा, त्यातलं हे बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असलेलं घर.

सोनीबाईचं लग्न झालं होतं, नाही असं नाही. नवऱ्यानं दुसरी करून आणली तेव्हा ही भांडली नाही, रडली नाही, पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि माहेरी आली. त्याच साली तिची आई गेली. घरात उरले बाप आणि धाकटा भाऊ देवसिंग. चूल तिच्याकडे आली आणि चुलीबरोबर कणग्या आल्या. परत आलेल्या लेकीला माहेरी किती दिवस मान असतो ते कुणी कुणाला सांगायला नको. पण सोनीबाईला होता, कारण घरातला दाणा तिच्या हाताखाली होता.

कणगी म्हणजे तुराट्यांची विणलेली, माणसाएवढी उंच टोपलीच. ती आतून-बाहेरून शेणामातीनं लिपायची, आत जवारी भरायची आणि तोंड बुजवून वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा. तांड्यात बाया पुष्कळ होत्या, पण असा हात कुणाचा नव्हता. गावातले कुणबीसुद्धा सोनीबाईला बोलावणं पाठवत. आणि आमच्यात एक रीत होती: ज्या हातानं कणगी बुजवली, त्याच हातानं ती फोडायची. दुसऱ्यानं फोडली तर घरातली बरकत जाते म्हणत. बरकतीचं देव जाणे, पण या रितीमुळे भावसिंगला पायलीभर जवारी हवी असली तरी आधी "सोनी, ये बाई" म्हणावं लागे. ते ऐकून सोनीबाई हातातलं काम मुद्दाम जरा लांबवायची आणि मग उठायची.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला, त्याच्या पुढच्या वर्षी देवसिंगचं लग्न झालं. राज्य बदलून तांड्यात काडीचाही फरक पडला नव्हता. लग्नानं भावसिंगच्या घरात पडला.

सून आली ती नदीपलीकडची, किनवटाकडची. तिकडं निजामाचं राज्य होतं, म्हणून आमच्याकडचे म्हातारे अजून त्या भागाला मोगलाईच म्हणत. पोरीचं नाव लालीबाई. कामाला वाघीण, पण तोंडाला लगाम नाही. पीठ मळताना, पाणी भरताना, शेणी थापताना एकच सुरू: आमच्या तांड्यात असं करतात, आमच्या तांड्यात तसं करतात. सोनीबाई एकदा म्हणालीही, "तुमच्या तांड्यात एवढं सोनं पिकते त आमच्या घरी कायले आली?" लाली हसली. तिला टोमणा कळला नाही, की कळून ती हसली, हे सोनीबाईला कळेना, आणि त्यानं ती जास्तच चिडली.

आमच्यात नवी सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. घुंगट ओढून नणंदेच्या कानात सांगायचं, नणंदेनं ते बापाला सांगायचं. म्हणजे लालीच्या डोक्यातलं जे काही भावसिंगपर्यंत पोचायचं, ते सोनीबाईच्या तोंडून. अक्कल एकीची आणि टपालवाली दुसरी. त्या पावसाळ्याच्या तोंडावर भावसिंग नाल्याकाठच्या वावराबद्दल कुरकुरत होता. तिथं पाणी धरायचं, कपाशीची पऱ्हाटी पिवळी पडायची. लाली सोनीबाईच्या कानाशी लागली.

"लाली म्हनते, तेथं मक्का पेरा," सोनीबाई म्हणाली. आणि वर स्वतःचं जोडलं, "म्हनू दे. तिले काय समजते आपल्या मातीतलं!"

भावसिंग डोकं खाजवत बसला आणि दुसऱ्या दिवशी देवसिंगला मोगलाईत पाठवून लालीचा भाऊ रूपसिंग याच्याकडून बियाणं मागवलं. मका असा आला की वावरात शिरलेला बैल दिसेना. भादव्यात भावसिंगनं शेकोटीवर पहिला भुट्टा भाजला, दोन घास खाल्ले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाला, "लाली, जिंकलं पोरी!" सोनीबाई शेजारीच होती. तिच्या तोंडून निरोप न देता बाप सुनेशी बोलला होता. तिच्या हातातला भुट्टा तसाच राहिला. 

दसऱ्याच्या सुमारास कणसं मोडून अंगणात आणली. मोठी रास पडली. सोनीबाईनं पदर खोचला. तिचा हिशोब सरळ होता: दाणे काढायचे, कणगीत भरायचे, बुजवायचं. तेवढ्यात लाली पुन्हा कानाशी आली.

"बाई, आता दाने नोका काढू. दाना आतून ओला हाये, कणगीत घातला त तापते, सडते. आमच्या तांड्यात कणसं अशीच ठेवतात. तुराट्यांचा कूड करायचा, जमिनीपासून उंच, फटी-फटीचा. लिपायचा नाई. वारा आरपार गेला पाह्यजे. वाऱ्यानं कणीस हळूहळू वाळते. मामाजीले सांगा."

सोनीबाईनं ऐकलं. कणगी वाईट, लिपणं वाईट, वारा चांगला! वाऱ्यानं धान्य टिकत असतं तर बापजाद्यांनी कणग्या कशाला केल्या असत्या? पण अंगणात बाप वाट पाहत उभा होता, काहीतरी सांगणं भाग होतं. लालीचं शहाणपण पूर्ण गाडीभर आपल्या जिभेवरून वाहून न्यायचं तिच्या जिवावर आलं. तिनं अर्धंच सांगितलं.

"म्हनते, तुराट्यांचा कूड करून त्यात भरा. त्यायच्याकडे तसंच करतात."

का, ते भावसिंगनं विचारलं नाही आणि सोनीबाईनं सांगितलं नाही. वाऱ्याचा शब्द तिच्याच पोटात राहिला.

गोठ्याच्या भिंतीला टेकून चार लाकडी डेळी रोवून लालीनं आणि देवसिंगनं कूड उभा केला. सालपटं काढलेली पिवळीधमक कणसं फटींतून बाहेर डोकावू लागली. तांड्यातल्या बाया पाहायला आल्या. "माय माय, हा त कोंबड्यायचा पिंजरा!" रुपीबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. सर्वांत मोठ्यानं सोनीबाई हसली. तेव्हापासून त्याचं नाव पडलं लालीचा पिंजरा.

पण हसणं दोन दिवस टिकलं. मग सोनीबाईच्या लक्षात आलं की पिंजऱ्याला तोंड नाही. ज्याला हवं त्यानं यावं, फटीतून दोन कणसं ओढावीत आणि जावं. भावसिंग रोज संध्याकाळी पिंजऱ्याशेजारी बाज टाकून बसू लागला. आलेल्या-गेलेल्याला कणीस काढून दाखवायचा. दाणे चोळून जात्याशी नेऊन द्यायचा, तेही लालीकडे. "सोनी, ये बाई" ही हाक घरातून गेली. एक दिवस तर तो अगदी मायेनं म्हणाला, "सोनी, बरं झालं बाई. तुही कणगीची कटकट गेली. आता जरा आराम कर."

बापानं तोंडात मारली असती तरी सोनीबाईला इतकं लागलं नसतं. आराम कर! आराम म्हाताऱ्या बैलाला देतात. आज मका पिंजऱ्यात गेला, उद्या जवारीही जाईल. मग हिला घरात ठेवायची कशासाठी? भावाच्या पोरांची ढुंगणं धुवायला? ती रात्रंदिवस जळू लागली. लालीच्या हातची भाकर बापानं कौतुकानं मोडली की हिचा घास अडायचा. लालीच्या दंडातल्या बांगड्या वाजल्या की हिला वाटे मुद्दाम वाजवते. देवसिंग बायकोकडे पाहून हसला की ही भांडी आपटायची. लाली आजारी पडावी असंही तिच्या मनात येऊन गेलं. आणि लाली होती ती "बाई, बाई" करत हिच्या मागेमागेच. त्याचाही राग.

लालीची पहिली दिवाळी माहेरची. देवसिंग तिला घेऊन सासरवाडीला गेला, तुळशीच्या लग्नानंतर येऊ म्हणाला. भावसिंग बाजाराला गेला. घरोघरी दिवाळीचं लिपणं चाललं होतं. सोनीबाईनं घर लिपलं, ओटा लिपला, गोठा लिपला. ओल्या हातानं ती पिंजऱ्यासमोर उभी राहिली. खारी आत शिरत होत्या, पोपट फटीतून दाणे टिपत होते. कारण शोधणाऱ्याला कारण सापडतं. पण मनातलं खरं कारण तिला चांगलं माहीत होतं. एकदा तिच्या हातानं बुजवलं की रितीप्रमाणं तिच्याच हातानं उघडायचं. मग पिंजरा लालीचा कसला? सोनीबाईची कणगी!

तिनं शेण कालवलं, माती चाळली, भुसा मिसळला. असं जीव ओतून तिनं कधी लिपलं नव्हतं. फटीत बोटं घालून हात पोचेल ते एकेक भोक बुजवलं, वरचं छप्पर बुजवलं, खालचा तळ आडवं पडून बुजवला. वरून पांढऱ्या मातीचा हात असा फिरवला की ऊन त्यावरून घसरावं. काम झाल्यावर ती लांब जाऊन पाहत बसली. कित्येक आठवड्यांनी तिला कडकडून भूक लागली.

बाजारातून आलेला भावसिंग थबकला. "हे कोनं... वा सोनी! आता कसं घरच्यासारखं दिसते. मोगलाईचा पिंजरा त मले भिकाऱ्याच्या झोपडीवानीच वाटे." त्या दिवाळीला सोनीबाईनं स्वतःसाठी वेगळा दिवा लावला.

देवसिंग आणि लाली परतले. लालीनं दारातच गाठोडं टाकलं आणि घुंगटासकट पिंजऱ्याकडे धावली. भिंतीवर तळहात ठेवला. मग विहिरीवर सोनीबाईला एकटी गाठलं.

"बाई, हे काय केलं? मी सांगितलं होतं ना, वारा पाह्यजे! आताच फोडा. आजच फोडा, म्हंजे अर्धा तरी वाचेल."

"तू कोन मले सांगनारी? माह्या हातानं बुजवलं, माह्याच हातानं फुटेल. जवा मले वाटेल तवा."

"मंग मी मामाजीले सांगते."

सोनीबाईनं बादली खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "सांग. बा माह्या लिपनाले वाईट म्हनला त मी उद्या पेटी उचलते. नवऱ्याच्या दारात जाऊन बसते, त्याच्या दुसरीची भांडी घासते. जाय, सांग."

लालीचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं.  विहिरीवरून तिनं दोघींचे हंडे भरून नेले.

पुढचे दिवस सोनीबाई जिंकलेल्या माणसासारखी वागली. पण पहाटे शेण काढायला जाताना तिचा हात आपोआप त्या भिंतीकडे जायचा. भिंत कोमट लागायची. आंबूस वास यायचा. ताजं लिपण आहे, ती स्वतःला सांगायची, थंडीत लिपण असंच वास मारतं. तिच्या उभ्या आयुष्यात लिपणानं असा वास मारला नव्हता, पण मनाला जे नको असतं ते नाकालाही कळत नाही.

मार्गशीर्षात लालीचा भाऊ रूपसिंग पाहुणा आला. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्यालाही जेवायला बोलावलं होतं. भावसिंग रंगात होता. "आज तुमच्याच बियाण्याची भाकर खाऊ घालतो पाव्हनं!" आणि मग कितीतरी दिवसांनी ती हाक आली: "सोनी, ये बाई. फोड."

सोनीबाई आली. अंगणात नायक होता, पाहुणा होता, रुपीबाईसारख्या चार बाया होत्या. लाली चुलीपाशी पाठ करून बसली होती. सोनीबाईनं खुरपीनं वरचं लिपण टोकरलं. ढेकूळ निघालं आणि आतून गरम वाफ तिच्या तोंडावर आली. वास असा की रुपीबाईनं नाकाला पदर लावला. तिनं आत हात घातला. कणसं चिकट होती. बाहेर काढलं ते कणीस काळं-हिरवं, बुरशीनं मढलेलं, दाण्यांना पांढरे कोंब फुटलेले. दुसरं काढलं. तिसरं काढलं. सगळी तशीच.

कुणी सोनीबाईकडे पाहिलं नाही. सोनीबाईच्या लिपणात दोष असेल हे कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. भावसिंग चुलीकडे वळला.

"ओला भरला तुनं! सगळं वावर मातीत घातलं!"

"मोगलाईची रीत मोगलाईतच ठेवा म्हनावं," रुपीबाई म्हणाली.

रूपसिंग पुढं झाला. तो मक्यातच वाढलेला, त्याला लिपलेली भिंत पाहताच सगळं उमगलं होतं. "पन याले लिपलं काहून? हे त..."

"भिया, थांब," लाली उठून म्हणाली. घुंगट खाली ओढून ती सगळ्यांसमोर बोलली, सासऱ्यासमोरसुद्धा. "मीच ओला भरला. माही चूक झाली."

रूपसिंगनं बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. न जेवता निघणं बरं दिसेना म्हणून जवारीची भाकर कशीबशी खाल्ली.

म्हणजे सोनीबाई जिंकली होती. पुरती. बाप सुनेवर संतापला होता, तांडा सुनेला हसत होता, पिंजरा कायमचा बदनाम झाला होता. गेले तीन महिने तिनं याच गोष्टीसाठी देवाला साकडं घातलं होतं. पण आनंद काही येईना.

दुपारी पुरुष नायकाच्या ओट्यावर गेले. दोघी नणंदा-भावजया पिंजरा रिकामा करू लागल्या. सडलेला मका टोपलीत भरायचा, उकिरड्यावर टाकायचा. 

"काहून खोटं बोलली?" शेवटी सोनीबाईनं विचारलं.

लालीनं टोपली टेकवली. घुंगट मागं सारलं. "तुमच्याजवळ एवढंच हाये बाई. माह्याजवळ नवरा हाये, उद्या लेकरं होतील. तुमचा हात बी वाईट म्हनला त तुमाले काय राह्यलं?"

हे ती मनापासून बोलली होती, एवढंच सोनीबाईला सहन झालं नाही. शिव्या घातल्या असत्या, झिंज्या ओढल्या असत्या, तर सोनीबाई पुरून उरली असती. पण कीव? बापाचं कौतुक हिनं घेतलं, चूल हिनं घेतली, आता मोठं मनही हिलाच? दोष होता तो सोनीबाईचा स्वतःचा होता, आणि तोसुद्धा ही पोरगी उचलून घेऊन चालली होती.

रागाच्या भरात तिनं पिंजऱ्याच्या तळापर्यंत हात घातला. गोठ्याच्या भिंतीकडच्या अंगाला बोटांना काहीतरी टणक, कोरडं लागलं. ओढलं. कणीस सोन्यासारखं पिवळं. मागच्या बाजूला, कूड आणि भिंत यांच्या सांदीत, बाहेरून लिपायला हात जात नव्हता. तिथं उघड्या फटी तशाच राहिल्या होत्या आणि त्यांना लागून असलेली कणसं ठणठणीत होती.

लालीनंही पाहिलं. "लपवा बाई," ती घाईनं म्हणाली. "बियाण्याले ठेवू. कोनाले सांगू नोका."

"तू मले नोको शिकवू," सोनीबाई म्हणाली. तिनं ती कणसं पदरात भरली आणि तरातरा नायकाच्या ओट्याकडे निघाली. लाली "बाई, बाई" करत मागून.

ओट्यावर भावसिंग, नायक, रूपसिंग, देवसिंग बसले होते. सोनीबाई खाली उभी राहिली.

"बा, लालीनं ओला नाई भरला. तिनं वारा पाह्यजे म्हनून सांगितलं होतं, मी तुमाले सांगितलं नाई. मी लिपलं म्हनून सडलं."

 भावसिंगचे डोळे भरून आले. "पाहा नायक," तो म्हणाला, "माही लेक पाहा. भावजयीचा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यली. सोनी, तुह्या हाताचं लिपन सडवते होय? जाय बाई, घरी जाय. तुह्यासारखी लेक कोनाले नाई."

नायकानं मान डोलावली. देवसिंग बहिणीकडे पाहत राहिला. इतकं कौतुक सोनीबाईच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं. गप्प बसली असती तर मरेपर्यंत पुरलं असतं. मागं लाली उभी होती, आणि घुंगटाआडून ती मान हलवत होती: नको, नको.

सोनीबाईनं पदर सोडला. कोरडी, पिवळी कणसं ओट्यावर खडखडत पडली.

"हे बी त्याच पिंजऱ्यातले," ती म्हणाली. "मागच्या अंगाचे. तेथं माहा हात पोचला नाई, म्हनून वाचले."

 भावसिंगनं एक कणीस उचललं. दाण्यावर नख दाबून पाहिलं. मग दुसरं उचललं. त्याच्या तोंडावरचं कौतुक हळूहळू उतरत गेलं, आणि सोनीबाई ते उतरताना उभी राहून पाहत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"लाली," तो म्हणाला. "इकडं ये पोरी. हे बियाण्याले कसं ठेवायचं सांग."

ते ऐकून सोनीबाईच्या काळजाला पुन्हा तीच आग लागली. खोटं कशाला बोलायचं, लागलीच. लाली जागची हलली नाही. ती नणंदेकडे पाहत होती, जणू तिच्या परवानगीची वाट पाहत.

"जाय ना," सोनीबाई म्हणाली. "कायले उभी राह्यली? तुलेच बलावलं."